लाल डाग आणि पिवळा प्रकाश

गुलमंडीच्या गर्दीत बाळाचे तोंड पदराखाली झाकून चालणारी आई दिसली की आधी उन्हाचाच विचार मनात येतो. आम्हालाही तसेच वाटले. पण ती लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात शिरली, पंख्याखाली बसली, तरी पदर काही बाजूला झाला नाही. दुकानदाराला ती टोपडे मागत होती. कानावरून येणारे टोपडे नको, कपाळावर भुवईपर्यंत उतरणारे हवे. दुकानदाराने सहा-सात प्रकार काढले. एकही तेवढे खाली येईना.

रविवारच्या वंदनेला विहारात येणाऱ्यांपैकी ती असल्याने आमची ओळख होती. आम्ही जवळ बसलो तेव्हा तिने पदर जरासा उचलला. पाच महिन्यांची मुलगी. उजव्या बाजूचे अर्धे कपाळ, वरची पापणी आणि गालाचा थोडा भाग लालसर जांभळा, जणू कोणी द्राक्षाचा रस सांडून पुसायचा राहिला. पोर मात्र मजेत हसत होती.

"सासूबाई म्हणतात, ग्रहणात तू विळीवर बसलीस, म्हणून पोरीला डाग पडला," आई म्हणाली. "शेजारचीने मलम दिलं, ते लावलं. एका पार्लरवाल्याने सांगितलं, लेझर मारू, एका झटक्यात जाईल. ताई, लेझर म्हणजे जाळतात का हो?"

धर्मांतराला इतकी वर्षे झाली, घराघरात बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि तरी ग्रहण आमच्या माजघरातून गेलेले नाही. त्याचे काय करायचे ते पुढे बोलू. आधी त्या माऊलीच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. या पानासाठी आम्ही चौकशी सुरू केली तेव्हा ओळखीतल्याच घरांतून असे तीन डाग निघाले. एकाचे वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि तो आयुष्यभर फोटोत एकाच बाजूने उभा राहत आला आहे.

बाळाच्या अंगावरचा प्रत्येक लाल डाग सारखा नसतो. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पुष्कळ बाळांच्या मानेवर मागच्या बाजूला, पापण्यांवर किंवा दोन भुवयांच्या मध्ये फिकट गुलाबी ठसे असतात. बाळ रडले की ते उठून दिसतात. पापण्यांवरचे वर्ष-दोन वर्षांत जातात, मानेवरचे राहिले तरी केसांखाली झाकतात. त्यांना काहीही करावे लागत नाही. पाठीवर, कुल्ल्यावर निळसर काळे चट्टे असतात, तेही आपल्याकडच्या बाळांत फार आढळतात आणि शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुतेक पुसट होतात. ते मार लागल्याचे वण नव्हेत. दाईने आपटले म्हणून भांडणे झालेली आम्हाला माहीत आहेत.

तिसरा प्रकार फुगणारा. जन्मतः तिथे काही नसते किंवा अगदी पुसट खूण असते. मग पहिल्या काही आठवड्यांत लाल, उंचवटा असलेली, स्ट्रॉबेरीसारखी गाठ वाढू लागते. तिला डॉक्टर हिमॅन्जिओमा म्हणतात. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते. पहिल्या पाच महिन्यांत ती झपाट्याने वाढते आणि पुढे काही वर्षांत आपोआप ओसरते. बहुतेक वेळा नुसते लक्ष ठेवले तरी पुरते. पण ती डोळ्याजवळ, ओठावर, नाकाच्या टोकावर असेल, हनुवटी-गळ्याच्या भागात पसरली असेल किंवा तिला जखम झाली असेल तर थांबायचे नाही. यावर आज पहिले औषध म्हणजे प्रोप्रानोलॉल, रक्तदाबाची जुनी गोळी. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी ते दिले आणि त्याच्या तोंडावरची गाठ फिकी पडू लागल्याचे त्यांच्या लक्षात आले. औषध स्वस्त आहे, पण त्याने बाळाची साखर आणि नाडीचे ठोके उतरू शकतात. त्यामुळे ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे. घरातल्या आजोबांची गोळी अर्धी करून द्यायची नाही.

आणि चौथा प्रकार आमच्या पोरीचा. जन्मतःच असतो, सपाट असतो, पुसट होत नाही आणि मूल वाढेल तसा त्याच प्रमाणात वाढतो. याला पोर्ट-वाइन स्टेन असे नाव आहे, एका गडद लाल दारूच्या रंगावरून पडलेले. हजारात साधारण तीन बाळांना तो असतो. कातडीच्या आत वरच्या थरातल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावलेल्या असतात. त्यांत रक्त जास्त मावते, म्हणून लाल दिसते. लहानपणी गुलाबी असलेला डाग चाळिशी-पन्नाशीत जांभळा, जाड आणि काहींमध्ये गाठीगाठींचा होतो. दाढी करताना वस्तरा लागला तर रक्त लवकर थांबत नाही. ते पन्नाशीचे गृहस्थ म्हणूनच दाढी राखतात.

असे का होते याचे उत्तर २०१३ साली मिळाले. जीएनएक्यू नावाच्या एका जनुकात, गर्भ अगदी लहान असताना, एका पेशीत एक अक्षर चुकते. त्या पेशीपासून पुढे बनलेल्या भागातच डाग उमटतो. ही चूक आईकडून आलेली नसते, बापाकडून आलेली नसते, आणि ती पुढच्या बाळात पुन्हा व्हावी असेही काही नसते. आईने काय खाल्ले, कुठे बसली, काय चिरले याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. आम्ही हे त्या सासूबाईंना जाऊन सांगितले. त्या वाईट बाई नाहीत. नातीवर त्यांचा जीव आहे, आणि काही कारण हाती नसले की माणूस जवळच्या बाईला धरतो. त्या ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, "मग माझ्या वेळी ग्रहणात मी चार तास उपाशी आडवी पडून राहिले, ते काय उगाच?" आम्ही म्हणालो, "होय आई, उगाच."

आता लेझर. जाळतात का? खरे उत्तर असे की जाळतात, पण काय जाळायचे ते निवडून.

लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा, घट्ट प्रकाश. पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. चार वर्षांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर आला. तो शोधणारे चंद्रकुमार पटेल बारामतीचे, १९३८ चा जन्म, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले आणि तेव्हा अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत काम करणारे. आजही ऑपरेशनमध्ये कापायला आणि कारखान्यात पत्रा कातरायला त्यांचा लेझर वापरतात. त्याचा प्रकाश डोळ्याला न दिसणारा, आणि तो पाण्यात शोषला जातो. माणसाच्या प्रत्येक पेशीत पाणी आहे. त्यामुळे तो समोर येईल ते कापतो. चाकू म्हणून उत्तम, पण लाल डागाला तो कामाचा नाही. डागावरची चांगली कातडी तशीच ठेवून खालची रक्तवाहिनी तेवढी बंद करायची आहे.

१९७० च्या दशकात डॉक्टरांनी या डागांवर आर्गॉन वायूचा निळा-हिरवा लेझर वापरून पाहिला. डाग फिका होई, पण पुष्कळांच्या, विशेषतः लहान मुलांच्या कातडीवर वण उठत. लाल डाग जाऊन तिथे पांढरा, ओढलेला, जळल्यासारखा चट्टा. कारण तो प्रकाश सलग पडत राही. रक्तवाहिनी तापे, आणि तिची उष्णता बाजूला झिरपून आसपासचे सगळे शिजे.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी १९८३ साली यावर तोड काढली. त्यांचे म्हणणे आपल्या स्वयंपाकघरात कळण्यासारखे आहे. उन्हात काळे कापड जास्त तापते, पांढरे कमी. म्हणजे ज्या वस्तूचा जसा रंग, तसा ती प्रकाश पिते. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे आहे, आणि हिमोग्लोबिन पिवळा प्रकाश चांगला पिते. ५७७ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशाला तर ते चटकन धरते. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर.) ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट वेळेची. तापल्या तव्यावरून बोट झर्रकन फिरवले तर चटका बसत नाही, टेकवून ठेवले तर फोड येतो. बारीक वस्तू लवकर तापते आणि लवकर निवते, जाड वस्तू उशिरा. डागातल्या रक्तवाहिनीला आपली उष्णता शेजाऱ्याला द्यायला सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. त्याच्या आत प्रकाश देऊन बंद केला तर रक्त तापून वाहिनी आतल्या आत गोठते, आणि शेजारच्या पेशींपर्यंत आच पोचायच्या आधी सगळे संपलेले असते.

योग्य रंग आणि योग्य वेळ, एवढेच. पण त्या वेळी नेमका असा पिवळा प्रकाश, नेमका इतका वेळ देणारे यंत्र हवे होते, आणि तिथे कामाला आला रंग. खराखुरा रंग. १९६६ साली अमेरिकेत सोरोकिन आणि लँकार्ड यांनी, आणि त्यांच्याशी संबंध नसताना जर्मनीत शेफर यांनी, पातळ रंगाच्या द्रावणातून लेझर काढता येतो हे दाखवले होते. काचेच्या नळीतून रंगाचे द्रावण फिरते, शेजारी फोटोच्या फ्लॅशसारखा दिवा एकदम लखलखतो, रंग तो पांढरा उजेड गिळतो आणि आपल्या स्वभावानुसार एकाच रंगाचा झोत बाहेर टाकतो. इंग्रजीत रंगाला डाय आणि ठोक्याला पल्स म्हणतात, म्हणून यंत्राचे नाव पल्स्ड डाय लेझर.

होळीच्या आधी गुलमंडीच्या आसपास रंगाच्या पुड्या विकायला बसतात, त्यातला भडक गुलाबी तुम्ही पाहिला असेल. बुढ्ढी के बाल म्हणून मिळणाऱ्या कापसासारख्या मिठाईत बेकायदा घालतात तो ऱ्होडामिन-बी. खाण्यात त्याला बंदी आहे, आणि तमिळनाडूने तर फेब्रुवारी २०२४ मध्ये ती रंगीत मिठाईच बंद केली. लेझरच्या नळीत फिरतो तो त्याच ऱ्होडामिन कुळातला रंग. पोटात गेला तर घातक, नळीत राहिला तर उपचार. मात्र वापरून वापरून हे द्रावण उतरते, फडक्याचा रंग उतरावा तसे, आणि बदलावे लागते. यंत्र महाग असण्याचे आणि मोजक्याच ठिकाणी असण्याचे हे एक कारण.

१९८९ साली ३५ लहान मुलांवरच्या उपचाराचे निकाल छापून आले आणि वणाची भीती बरीच कमी झाली. पुढे प्रकाश ५८५ आणि मग ५९५ नॅनोमीटरवर नेला. हिमोग्लोबिन तो थोडा कमी पिते, पण तो कातडीत थोडा जास्त खोल जातो. सुरुवातीला एक ठोका सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा होता. आजच्या यंत्रात तो ४० मिलिसेकंदांपर्यंत लांबवता येतो, म्हणजे वाहिनी जाड असेल तसा वेळ वाढवता येतो.

इथवर सगळे छान. आता आमच्या कातडीची गोष्ट.

रक्तवाहिन्या खालच्या थरात आहेत. त्यांच्यावर वरचा थर आहे आणि त्यात मेलॅनिन, म्हणजे कातडीला सावळा-काळा रंग देणारे द्रव्य. ते उन्हापासून आपले रक्षण करते. पण मेलॅनिनही प्रकाश पिते, पिवळाही पिते. गोऱ्या माणसाच्या बाबतीत खिडकीला पातळ जाळीचा पडदा आहे असे समजा, आपल्या बाबतीत जाड पडदा आहे. प्रकाश आत जायच्या आधीच पडद्यात अडकतो. दोन तोटे एकदम होतात. रक्तवाहिनीपर्यंत कमी पोचतो, आणि पडदाच तापतो. त्यातून फोड, काळे पडणे, पांढरे पडणे किंवा वण. या यंत्रांवरचे सुरुवातीचे बहुतेक काम गोऱ्या कातडीवर झाले. गोऱ्या पेशंटसाठी ठरलेला आकडा लावून सावळ्या पोरीवर बटण दाबले तर काय होईल ते सांगायला नको.

याचा अर्थ सावळ्या कातडीला लेझर चालत नाही असा नाही. चालतो, पण हात राखून. ताकद कमी ठेवायची, ठोका थोडा लांब करायचा, आणि कातडी थंड करायची. १९९० च्या दशकात आलेली ही थंड करण्याची युक्ती मोठी आहे. प्रकाशाच्या ठोक्याच्या आधी काही मिलिसेकंद थंड वायूचा फवारा कातडीवर बसतो. वरचा थर गारठतो, खालची वाहिनी तशीच उबदार राहते. मग प्रकाश पडतो. वरचा थर तापून तापून नेहमीच्या जागी येतो, खालचा मात्र गोठण्याइतका तापतो. आणि पूर्ण डागावर काम सुरू करण्याआधी कडेच्या एखाद्या कोपऱ्यात दोन-चार ठोके देऊन चार-सहा आठवडे वाट पाहायची. तिथे काळे पडले, पांढरे पडले की काय ते दिसते, त्यावरून आकडे ठरतात. चाचणी न घेता पहिल्याच दिवशी सगळा गाल करून देतो म्हणणाऱ्याकडून उठून यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच कारणाने पार्लरवाल्याची ती "एका झटक्यात" ची भाषा आम्हाला धोक्याची वाटते. लेझर हे एका यंत्राचे नाव नाही. केस काढायचा वेगळा, गोंदण काढायचा वेगळा, मुतखडा फोडायचा वेगळा. केस काढायचे यंत्र मेलॅनिनवरच नेम धरते. ते या डागावर चालवणे म्हणजे पडदा जाळायलाच बसणे. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने गालावरच्या डागासाठी असे करून घेतले. कुठे ते लिहीत नाही. आज डाग आहे तसाच आहे आणि त्याच्या मध्ये दोन पांढरे चट्टे जास्तीचे आहेत. गोरे करणारा लेझर म्हणूनही जाहिराती येतात. सावळेपणा हा आजार नाही, त्यावर उपचार नसतो, आणि हे पान वाचणाऱ्यांना ते अधिक सांगायची गरज नसावी.

उपचाराच्या दिवशी काय होते? कातडीवर रबर ताणून सोडल्यासारखे चटके बसतात. मोठी माणसे सोसतात. लहानांना बधिर करणारे मलम लावतात किंवा मोठा भाग असेल तर भूल देतात. हे मलम घरून चोपडून न्यायचे नाही. तान्ह्या बाळाच्या मोठ्या भागावर ते जास्त लागले तर अंगात भिनून श्वासाला आणि रक्ताला बाधा होते. डोळ्यांवर झाकण हवेच, आईच्याही, खोलीतल्या सगळ्यांच्याही. पापणीवर काम करायचे असेल तर पापणीच्या आत बुबुळावर धातूची छोटी वाटी बसवतात. ते ज्याच्याकडे नाही त्याने पापणीला हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी आई घाबरते. कारण डाग फिका व्हायच्या ऐवजी काळा-जांभळा होतो, मार लागल्यासारखा. तो आठवडा-दोन आठवडे तसाच राहतो आणि मग उतरतो. हे अपेक्षित आहे. त्या काळात खपली ओढायची नाही, हळद-चंदन-टूथपेस्ट काही लावायचे नाही, ऊन चुकवायचे. आपल्याकडचे मार्च ते मेचे ऊन पाहता या काळात उपचार सुरूच न करणे बरे, असे सांगणारे डॉक्टर शहाणे. उन्हाने रापलेल्या कातडीत मेलॅनिन जास्त, म्हणजे धोका जास्त. शेतात, बांधकामावर काम करणाऱ्या मोठ्या माणसाला हे पाळणे किती अवघड आहे ते आम्हाला कळते. म्हणूनच डॉक्टरला आपले काम काय आहे ते आधी सांगावे.

एका बैठकीत भागत नाही. महिना-दोन महिन्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, कधी आठ, कधी पंधराच्या वर. आणि पूर्ण नाहीसा होणारा डाग थोड्यांचाच असतो. बहुतेकांचा पुष्कळ फिका होतो, काहींचा फारसा हलत नाही. कपाळ, मान इथले चांगले उतरतात. गालाचा मधला भाग, वरचा ओठ आणि हातपाय हट्टी असतात. काही वर्षांनी रंग पुन्हा थोडा परतू शकतो. लहानपणी सुरू केले तर कातडी पातळ, वाहिन्या बारीक आणि डागही लहान, म्हणून फायदा जास्त. पण मोठ्या वयात काहीच होत नाही असेही नाही. पन्नाशीच्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आता राहू द्या, दाढीखाली बरा आहे." त्यांचा चेहरा, त्यांचा निर्णय. मुलीच्या बाबतीत मात्र लग्नाच्या बाजाराला घाबरून सगळे ठरू नये असे आम्हाला वाटते. ती मोठी होऊन नको म्हणाली तर तिचेही ऐकावे.

एका बैठकीला काही हजार रुपये जातात, म्हणून हिशेब पहिल्या दिवशीच मांडावा. कर्ज काढून चार बैठका करून सोडून देण्यात काही अर्थ नाही. किती बैठका धरता, यंत्र कोणते, सावळ्या कातडीवर आधी केलेल्या पेशंटचे फोटो दाखवाल का, हे विचारायला लाजू नये. पल्स्ड डाय लेझर जवळपास नसेल तर काही डॉक्टर दुसऱ्या जातीचे लेझर वापरतात. ते चुकीचे नाही, पण कोणते आणि का ते त्यांनी सांगितले पाहिजे.

हाच पिवळा प्रकाश आणखीही कामे करतो. नव्या, लालभडक, उठलेल्या वणांना, ऑपरेशनच्या टाक्यांना किंवा केलॉइडला तो मऊ करायला मदत करतो, कारण तिथेही बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात. हट्टी चामखिळीवरही वापरतात. आणि एक गंमत, १९८० च्या दशकात याच जातीच्या यंत्रात हिरव्या प्रकाशाचा रंग घालून, ५०४ नॅनोमीटरवर, मूत्रनळीत अडकलेला मुतखडा फोडत. प्रकाश खडा प्यायचा आणि फुटायचा, नळीला धक्का लागत नसे. पुढे होल्मियम लेझर आला आणि ते काम त्याच्याकडे गेले. मराठवाड्यात मुतखडा घरोघरी आहे, त्यावर स्वतंत्र लिहू.

कोडाच्या पांढऱ्या डागावर हा लेझर नाही. आणि एखाद्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श, चटका कळत नसेल तर लेझरचे नाव न काढता सरकारी दवाखाना गाठावा. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याचे औषध फुकट मिळते आणि वेळेत घेतले तर तो पूर्ण बरा होतो.

आता शेवटची आणि या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी त्या दिवशी दुकानात आम्ही लेझरच्याही आधी बोललो. डाग कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल तर काही बाळांत तीच जनुकीय चूक मेंदूच्या आवरणातल्या आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांतही असते. स्टर्ज-वेबर असे त्या अवस्थेचे नाव. अशा बाळाला आकडी येऊ शकते, आणि डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसणे, सतत पाणी येणे, उजेडाकडे बघताच डोळे घट्ट मिटणे, बुबुळ धुरकट होणे, एका बाजूचा हातपाय झटकणे, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी जायचे. काहीच दिसत नसले तरी डोळ्याचा दाब मोजून घ्यायचा आणि पुढेही मोजत राहायचा. कातडीचा डाग दहा वर्षे थांबू शकतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. टोपडे शोधण्यात आणि मलम चोळण्यात पाच महिने गेले होते, आणि कोणीही त्या आईला डोळ्याविषयी एक शब्द बोलले नव्हते.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासायला सरकारी डॉक्टरांचे पथक येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्या दिवशी असे मूल घरी ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ते नेमके उलटे व्हायला हवे. टोपडे काढून, डाग दाखवून, पुढे कुठे पाठवता ते कागदावर लिहून घ्यावे.

गुलमंडीतून घाटी लांब नाही. १९५६ सालापासूनचे आपले सरकारी मेडिकल कॉलेज, सगळ्यांना माहीत असलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी केस पेपर काढून आधी डोळ्यांची ओपीडी, मग बालरोग, मग त्वचारोग असा क्रम ठरला. रांगेत पदर पुन्हा वर गेला, पण डॉक्टरांपुढे खाली आला. सासूबाई सोबत होत्या. बाळ दुधाला रडायला लागले तेव्हा केस पेपर त्यांनीच धरला आणि नंबर पुकारल्यावर नातीचे नाव मोठ्याने सांगितले. डोळ्याचा दाब सध्या ठीक निघाला. पुन्हा तपासायची तारीख कागदावर आहे. लेझरचे काय ते पावसाळा लागल्यावर, आधी कानाजवळच्या कोपऱ्यात चार ठोके देऊन पाहायचे आहे.